अंक सतरावा

सोळाव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत
कॅप्टन नभोजी यानाच्या शिडीला एका हाताने लटकलाय.
वर दार बंद. खाली शनीची कडी.
कोपऱ्यात तिरपं छापलेलं: पुढील अंकी.
एकेचाळीस वर्षं हा माणूस असा लटकतोय
आणि मला त्याला उतरवता आलेलं नाही.

एक ते बत्तीस आहेत माझ्याकडे, सतरावा सोडून.
पत्र्याची ट्रंक, कडुलिंबाचा पाला, वर चादर
(कुठली, ते या गावात सांगायला नको).
नवव्याच्या पिना गंजून कागदात उतरल्यात.
एकविसाव्यात लाल रंग जागेवरून सरकलाय,
म्हणून सगळ्यांचे ओठ गालावर
आणि गोळी सुटायच्या आधीच रक्त हवेत.
चोविसाव्याच्या पाठीवर कुणाचा तरी हिशेब:
दूध, दूध, नाही, दूध.

अठरावा आहे, पण तो सांगत नाही.
पहिल्याच पानावर नभोजी दुसऱ्याच ग्रहावर चहा पितोय,
म्हणतो, परवाचा प्रसंग बाका होता.
बस्स. एवढंच.

घ्यायचो मंगळवार बाजारात.
इलाहीचाचा पोत्यावर मांडायचे,
शेजारी कुलपं, सायकलच्या चेन, एकेकटे बूट.
मला बरीच वर्षं वाटायचं
हा बाजार वाराचा नाही, ग्रहाचा आहे.
मे महिन्यात दुपारी दोनला तिथं उभं राहून बघा.
"सतरा यायलाय बे," चाचा म्हणायचे, "वाटेत हाय."

वडील मिलमध्ये जॉबर.
भोंगा झाला की मी चिमणीकडे बघत
उलटे आकडे मोजायचो, दहा, नऊ, आठ.
चिमणी कधी उडाली नाही.
भोंगाच बंद झाला.

गेल्या चैत्रात निरोप आला विडी घरकुलातून.
दुडम मास्तर वारले, पुस्तकं काढायचीत.
राजमणीबाई उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, कात्री पानावर चालू.
मान न उचलता त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं.
खोक्यात शिवणाचे नमुने, पंचांगं, रेशनकार्डाची झेरॉक्स,
आणि त्याखाली
सतरावा.

मुखपृष्ठ होतं. त्यावर भलताच कुणी आठ हातांचा.
आतलं पहिलं पान नव्हतं.
तिसऱ्यावर नभोजी यानात बसून
हाताला पट्टी बांधत होता.

माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे.
"ते पान व्हय," त्या म्हणाल्या, "पोरानं होडी केली त्याची.
पण हे वाचून दावायचे मला. मी वळायची, हे वाचायचे,
हजार हुईस्तोवर."
मग? कसा सुटला तो?
"कसा म्हंजे? हात सोडला की त्यानं."
सोडला?
"तितं खाली कुटं आसतंय?"
धाग्याचे दोन वेढे. विडी सुपात.

पैसे घेईनात. मग म्हणाल्या रद्दीचा भाव द्या.
तागडी शेजारून आणली. सगळं मिळून नऊ किलो,
त्यात सतरावा किती भरला, काटा बोलला नाही.

खरंच तसं छापलं होतं,
की बाईंनी तिथल्या तिथं वळलं, मला ठाऊक नाही.
मास्तरांनीच रचलं असेल, हेही होऊ शकतं,
नऊशेव्या विडीपाशी, बायकोचे डोळे मिटायला लागल्यावर.

रात्री सोळावा पुन्हा काढला.
चित्रकाराने मुठीवर केवढ्या रेघा ओढल्यात,
नखंसुद्धा पांढरी.
मी आजवर तेवढंच बघत आलोय.
या खेपेला नजर खाली नेली.
चौकटीला तीन बाजूंनी काळी रेघ आहे.
खालच्या बाजूला नाही.
तिथं आकाश तसंच उतरत गेलंय
कागदाच्या कडेपर्यंत,
आणि कडेला माझा अंगठा.